अकरावं पान

९ जानेवारी

ठमाबाईंना मावशीचे आशीर्वाद,

पार्सल पोचलं. फोन करायचं सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने लावते. मागच्या खेपेला तू बढती मिळाली म्हणालीस आणि मी चार दिवस सगळ्यांना तुझी बदली झाल्याचं सांगत फिरले. तेव्हा पत्रच बरं.

लोकरीची टोपी डोक्याला घट्ट होते. डोक्यावर केस नसताना ही तऱ्हा, आले की काय होईल! शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं, औषधांचा शेवटचा डोस ऑगस्टमध्ये संपला, पण केस यायचं नाव घेत नाहीत. आलेत तेही मोजून घ्यावेत असे. तू पाठवलेल्या केसांच्या गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवल्यात, म्हणजे विसरायला नको. न्याहारीनंतर एक.

आता मुद्द्याचं. दर तीन महिन्यांनी माझं रक्त घेतात आणि त्यातलं ते तुमचं रिसेप्टर प्रथिन मोजतात. पंधराच्या आत आकडा असला तर ठीक, वर गेला तर दुखणं परत येतंय असं समजायचं. जुलैत अकरा होता, ऑक्टोबरमध्ये बारा. काल तेरा आला. डॉक्टर म्हणाले, उत्तम, काळजीचं कारण नाही. मी छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. अकरा, बारा, तेरा यांच्यापुढे काय छापतात ते मला माहीत आहे.

प्रयोगशाळेच्या काचेतून आत बघितलं तर टेबलावर तुमच्या कंपनीच्या हिरव्या पट्टीचं खोकं. तिथली चष्मेवाली ते असं उघडत होती, जसं काही आत दागिने आहेत. म्हणजे माझ्या रक्ताचा न्याय तुझ्याच खोक्यात होतो तर! मग मला सांग, तुम्ही नक्की मोजता काय? डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी कागदावर एक चित्र काढलं आणि ते बघून मी आणखी गोंधळले.

तुझी मावशी

२० जानेवारी

मावशी,

नमस्कार. बढतीच झालीये, बदली नाही. हे पत्र तरी दोनदा वाच.

डॉक्टरांचं चित्र विसर. घराच्या दाराला घंटी असते, तशा पेशीच्या अंगावर घंट्या असतात, त्यांनाच रिसेप्टर म्हणतात. बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की तो घंटी दाबतो आणि पेशी वाढायला लागते. तुझ्या त्या गाठीतल्या पेशींना नको इतक्या घंट्या होत्या, म्हणून त्या ऊठसूट वाढत होत्या. अशा पेशी कुठे शिल्लक असल्या, तर त्यांच्या घंट्यांचे तुकडे गळून रक्तात येतात. आमचं किट ते तुकडे मोजतं. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडे असतातच, आठ-दहा. म्हणून शून्याची अपेक्षा कुणी करत नाही.

खोक्यात एक प्लास्टिकची ताटली असते. तिला शहाण्णव खळगे, प्रत्येक खळगा करंगळीचं टोक जाईल एवढा. त्यात रक्ताचं पाणी घालायचं, आमची द्रवं घालायची, थांबायचं, धुवायचं. शेवटी निळा रंग येतो. जितके तुकडे जास्त तितका रंग गडद, आणि यंत्र त्या रंगाचा आकडा करून देतं. माझं काम म्हणजे प्रत्येक नव्या खेपेतली थोडी किटं काढून, ज्यांचा आकडा आधीच माहीत आहे असे नमुने त्यांत घालायचे. बरोबर आकडा आला तर सही. माझ्या सहीशिवाय खोकं दाराबाहेर पडत नाही. अशा वेळी मला भारी ऐट येते, पण बघायला कुणी नसतं. आमच्या खोलीत सगळे मास्क लावून असतात.

तेराची चिंता करू नकोस. एखाददुसऱ्या आकड्याचा फरक यंत्राचाही असतो. आणि रोज सकाळी उठून ती अकरा-बारा-तेराची मालिका मोजत बसू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ठमी

१४ एप्रिल

ठमे,

चार!

पुन्हा लिहिते, म्हणजे छपाईची चूक वाटायला नको: चार. तेरावरून चार. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, मे महिन्यातलं स्कॅन आता घाईचं नाही, नोव्हेंबरमध्ये बघू. मी बाहेर आले, जिना उतरले आणि खालच्या बाकावर बसून रडले. मग रुमाल सापडेना, म्हणून रडणं थांबवलं.

केसही यायला लागलेत. शेजारीण म्हणते, आता तू दाढी न केलेल्या माणसासारखी दिसतेस. तिच्याकडून ही स्तुतीच समजायची.

आता ऐक. छापखान्यातली माझी मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी समुद्राकाठी पंधरा दिवसांसाठी खोली घेतलीय. पंधरा ते एकोणतीस जून. आणि मी पोहायला शिकतेय. एकसष्टाव्या वर्षी! शिकवणारी पोरगी मला 'आजी, पाय मारा' म्हणते. मी तिला म्हटलं, आधी आजी म्हणणं बंद कर, मग मारते. आकडा तेरावर असताना मी नवे जोडेसुद्धा घेत नव्हते, कशाला म्हणून. परवा दोन जोड घेतले.

तुझ्या कंपनीला माझ्याकडून शाबासकी दे.

मावशी

२५ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मग मी तो आकडा पुन्हा पाहिला. विरजण घालायची हौस मला नाही, पण मला खोटं लिहिता येत नाही.

चार फार कमी आहे. तुझ्या वयाच्या धडधाकट बाईचाही इतका कमी येत नाही. एखाद्याचं वजन तीन महिन्यांत सत्तरवरून वीसवर आलं, तर आपण त्याचं अभिनंदन करत नाही, काटा तपासतो.

म्हणून मी आधी आमचा काटा तपासला. तुमच्या हॉस्पिटलला गेलेल्या खेपेतली राखून ठेवलेली किटं काढली आणि सगळं पुन्हा केलं, तीनदा. किटात खोट नाही. साहेबांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, खात्री. त्यांना वाटलं, मी बढतीमुळे जास्त काम करतेय.

राहिली तुमची प्रयोगशाळा. किट फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावं लागतं. घाई असली की लोक थंडच वापरतात आणि मग रंग नीट चढत नाही. तू काचेबाहेर बसतेसच. चष्मेवाली काय करते ते बघशील? पायऱ्या कळाव्यात म्हणून किटाबरोबरचं माहितीपत्रक जोडतेय. सोळा पानं आहेत, आपल्या भाषेत मीच आणलंय. छापखान्यातून चुका होऊन आलंय, पुढच्या छपाईआधी दुरुस्त करायचं आहे. तुझ्या लाल पेन्सिलीला तेवढाच खाऊ.

आणि स्कॅन पुढे ढकलू नका, असं डॉक्टरांना म्हणता येईल का?

ठमी

१० मे

ठमाबाई,

हेरगिरी केली. दोन दिवस वर्तमानपत्र घेऊन काचेसमोर बसले. तिसऱ्या दिवशी चष्मेवालीने मला आत बोलावून खुर्चीच दिली, म्हणजे माझी हेरगिरी कितपत जमली ते समज. बाई अगदी काटेकोर आहे. किट अर्धा तास बाहेर, समोर घड्याळ लावलेलं. प्रत्येक नमुना दोन-दोन खळग्यांत घालते. धुताना तोंडाने आकडे मोजते आणि मध्ये कुणी बोललं तर उत्तर देत नाही. तिला नावं ठेवायला मला जागा सापडली नाही, आणि तुला माहीत आहे, मी जागा सोडत नाही.

आता तुझं माहितीपत्रक. पान ३: वर 'ढवळू नका', खाली 'हलकेच ढवळा'. एकदा काय ते ठरवा. पान ६: आकृती दोन आहे, आकृती एक कुठेच नाही. पान ८: तक्त्यातला शेवटचा रकाना रिकामा. पान १३: 'वापरलेली ताटली' तीनदा लागोपाठ आलीय, दोनदा काढ. पान १५: पत्त्यात मजला नाही, तक्रार घेऊन येणारा माणूस जिन्यातच फिरत राहील. बाकी मजकूर स्वच्छ. भाषा बरी आहे. कोरडी आहे, पण तुमच्या धंद्यात ओली भाषा कोण वाचणार?

तेव्हा तुझं किट निर्दोष आणि चष्मेवालीही निर्दोष. मग आकडा खरा असला पाहिजे. काही बायका बऱ्या होतात, ठमे. मीही त्यांतली असेन. आता हा विषय पुरे.

काल तलावात हात न धरता चार मीटर गेले.

मावशी

१९ मे

मावशी,

काल तुझ्या यादीप्रमाणे दुरुस्त्या करत बसले होते. दहाव्या पानानंतर अकरावं उलटलं, आणि तिथे मधोमध एक अख्खी ओळ दोनदा छापलेली. लहान पोराच्याही डोळ्यांत भरेल अशी. तुझ्या यादीत अकरावं पान नाहीच.

तू पत्त्यातला मजला पकडलास. ही ओळ तुझ्या नजरेतून सुटणार नाही. मग मी त्या ओळीच्या खाली काय आहे ते वाचलं:

'केस व नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. अशा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तींचा आकडा खोटा, कमी येऊ शकतो. गोळ्या बंद केल्यावर आठवड्याने रक्त घ्यावे.'

हे वाक्य मीच लिहिलंय. गेल्या नोव्हेंबरमध्ये. आणि डिसेंबरमध्ये दुकानात जाऊन, सगळ्यांत जास्त ताकदीची डबी निवडून, मीच ती तुला पाठवली. लिहिताना डोळ्यांसमोर 'व्यक्ती' होत्या. त्यांतली एक माझी मावशी असेल हे डोक्यात आलंच नाही. तू तर दोन पत्रांत केसांचं लिहिलंस, तरी मी खेप तपासत बसले, चष्मेवालीवर संशय घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खळग्याच्या तळाला एक थर असतो. बायोटिन दिसलं की तो त्याला धरून ठेवतो. घंटीचा तुकडा पकडणाऱ्या आमच्या द्रवाला आम्ही त्यासाठीच थोडं बायोटिन चिकटवलेलं असतं. पण रक्तच बायोटिनने भरलेलं असलं, तर सगळ्या जागा ते आधीच बळकावतं. मग आम्ही पकडलेले तुकडे धुण्याबरोबर वाहून जातात आणि यंत्र म्हणतं, चार. तुकडे किती आहेत ते आज कुणालाच माहीत नाही.

मला माफ कर. आणि एकच विचारते: तू ते पान वाचलं होतंस ना? गोळ्या आजच बंद कर. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस.

ठमी

२३ मे

ठमे,

वाचलं होतं. तुझं पाकीट आलं त्याच दुपारी. वाचल्यावर उठून डबीवर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग बराच वेळ लाल पेन्सिल हातात धरून बसले. त्या दुहेरी ओळीवर काट मारायची म्हणजे तुला ते पान दाखवायचं. चाळीस वर्षांत एवढी एकच चूक मी समजून उमजून सोडली.

गोळ्या अजून घेतेय. आज सकाळीही घेतली.

तू म्हणशील, मूर्ख बाई. असेन. पण तेराचे ते तीन महिने मी कसे काढले ते तुला ठाऊक नाही. रोज सकाळी काखेत, मानेला, पोटाला हात लावून बघायचा. ठसका लागला तरी वाटायचं, आलं. चार आल्यापासून मी पोटाला हात लावलेला नाही. तो आकडा खोटा असेल, पण मला त्याच्यामुळे झोप लागली, आणि ती झोप खरी होती.

मला जून हवाय. समुद्रावरून एकोणतीस तारखेला परतेन, गोळ्या बंद करीन, रक्त देईन, तुम्ही सगळे म्हणाल ते करीन. तोवर डॉक्टरांना कळवू नकोस. तुझ्या आईला तर अक्षरही कळता कामा नये, ती रडत रडत पहिल्या गाडीने येईल आणि मग तिलाच सांभाळावं लागेल.

फोन मुद्दाम उचलला नाही.

मावशी

२७ मे

मावशी,

डॉक्टरांना मी कळवणार नाही. रक्त तुझं आहे, त्याबद्दल बोलायचं ते तू बोल. आईलाही सांगितलेलं नाही.

पण एक गोष्ट मी काल केली, ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. आमच्याकडे एक फॉर्म असतो: किटाचा आकडा चुकल्याचं कळलं की तो चोवीस तासांत भरावा लागतो. मी तो तीन दिवस खिशात घेऊन फिरले, काल भरला. तुझं नाव घातलं नाही. 'एका स्त्रीच्या बाबतीत' असं लिहिलं. गोळ्या कुणी दिल्या या रकान्यात 'नातेवाईक' लिहिलं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तो नातेवाईक मीच असं सांगितलं. त्यांनी माहितीपत्रक मागवून घेतलं. मग म्हणाले, ते वाक्य अकराव्या पानावरून पहिल्या पानावर आणा, ठळक.

किट वापरणाऱ्या सगळ्या प्रयोगशाळांना आठवडाभरात सूचना जाईल. तुमच्या खिडकीवर चष्मेवाली प्रत्येकाला गोळ्यांबद्दल विचारेल. तू तिच्याशीही खोटं बोलू शकतेस. तुला जमतं हे आता मला माहीत आहे.

जून तुला मिळू नये असं मला वाटेल का? पण मला तुझा पुढच्या वर्षीचाही जून हवाय, आणि त्याच्या पुढचाही. हे लिहिताना मी रडतेय, आणि मला तुझा फार राग आलाय, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. आणखी काय लिहू ते कळत नाही.

ठमी

२४ जून

ठमे,

हे समुद्राकाठच्या खोलीतून लिहितेय. मैत्रीण शेजारी घोरतेय, उठली की नाकारते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. गोळ्या पाठवल्यास म्हणून नव्हे. अकरावं पान वाचलंस म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी डबी हातात घेतली आणि गोळी तोंडापर्यंत नेऊन परत ठेवली. का, ते सांगता येणार नाही. 'पुढच्या वर्षीचाही जून' वाचलं नसतं तर गिळली असती, एवढं खरं.

आठवड्याने रक्त दिलं. एक्केचाळीस.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, तुझ्यासकट. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं आणि काढलं, लावलं आणि काढलं. दुसऱ्या दिवशी स्कॅन. यकृतात दोन ठिपके, वाटाण्याएवढे. नवं औषध एक तारखेपासून सुरू. मी भीत भीत समुद्राचं विचारलं. म्हणाले, 'जाऊन या की. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. नोव्हेंबरपर्यंत थांबला असतात तर बिघडलं असतं.' म्हणजे ज्या जूनसाठी मी तुझ्याशी खोटं बोलले, तो नुसता मागितला असता तरी मिळाला असता. मी असं कधी विचारलंच नाही. औषध लागू पडेल का, हेही विचारलं नाही. ते एक तारखेनंतर विचारीन.

मला भीती वाटते. पोटाला हात लावते, पण आता रोज नाही.

आता खिडकीवरची गोष्ट. मी रक्त द्यायला गेले त्या दिवशी तुमची सूचना पोचली होती. चष्मेवाली एकेकाला मोठ्याने विचारत होती, केसांच्या, नखांच्या गोळ्या घेता का. माझ्या पुढची बाई पन्नाशीची, ओठ रंगवलेले, डोक्याला छान रुमाल. ती 'नाही' म्हणाली आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, 'घेते हो. पण सांगितलं की आठवड्याने या म्हणतात. कशाला? माझा आकडा मागच्या वेळी पाच आलाय.'

मी म्हटलं, 'माझा चार होता.'

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'गोळ्या घेत होते तेव्हा.' मग ती उठली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मावशी